एकरी उतारा कळला, ताटाचं काय? पोषण-शेतीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कृषी पदवी घेऊन या कामात आलेल्यांना उताऱ्याची भाषा पाठ असते. मी त्यांना आधी वेगळाच प्रश्न विचारायला लावते: या घरातल्या बाईने काल काय काय खाल्लं?

प्रश्न सोपा वाटतो. विचारणं मात्र कसबाचं काम आहे. १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांसाठी आहारविविधतेचं मान्य मोजमाप आहे. गेल्या २४ तासांतले पदार्थ १० अन्नगटांत मांडायचे आणि किमान ५ गट आले का ते बघायचं. ‘भाजी खाल्ली का?’ असं विचारलंत की हमखास ‘हो’ येतं. त्यापेक्षा सकाळी उठल्यापासून एकेक खाणं सांगू द्या. १५ ग्रॅमहून कमी, चवीपुरतं पडलेलं काही धरू नका. आणि हे मोजमाप समूहासाठी आहे; त्यावरून एकटीच्या तब्येतीचा निकाल लावू नका.

जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१० मध्ये हवामान-सुसंगत शेतीची कल्पना पुढे आणली. उत्पादन आणि मिळकत वाढवणं, बदलत्या हवामानात तग धरणं, जमेल तिथे उत्सर्जन घटवणं ही तिची तीन उद्दिष्टं. पोषण त्यातून आपसूक येत नाही. अवर्षणात टिकणारं एकच धान्य सगळ्या रानात लावलं तर पोट भरेल, पण अन्नगट एकच राहील. म्हणून मला चवळीसारखं आंतरपीक आवडतं. कमी पाण्यात येतं, मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवतं. आधी कोवळी पानं, मग शेंगा, शेवटी दाणे. मुख्य पीक हाती येण्याआधीच्या टंचाईच्या दिवसांतही घरात काहीतरी येत राहतं.

परसबाग सुचवण्याआधी तिला पाणी कोण घालणार, हे विचारा. उत्तर बहुतेक वेळा ‘बायका’ असंच असतं, आणि त्यांचा दिवस आधीच भरलेला असतो. (अहवालात या श्रमांचा रकाना क्वचितच दिसतो.)

पोषणाची बाजू कच्ची असेल तर अन्न व कृषी संघटनेचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम करा.

साठवणीकडे मात्र सगळेच काणाडोळा करतात. ओलसर मक्यात, भुईमुगात बुरशी वाढली की अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते शिजवूनही नीटसं जात नाही. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं धान्य आणि दोन-तीन चमचे कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. ते धान्य अजून वाळवायला हवं.