केंद्राच्या कार्यालयात मराठीत अर्ज कसा द्यावा: ठाणे आणि नवी मुंबईसाठी

अर्ज लिहायच्या आधी कार्यालय कोणाचं आहे ते बघा. महापालिका, सिडको, जिल्हाधिकारी ही राज्याकडची. रेल्वे, पोस्ट, आयकर, पासपोर्ट ही केंद्राची. भाषेचे नियम इथूनच वेगळे होतात. राज्याच्या कारभाराची भाषा मराठी, ती 1964 च्या राजभाषा अधिनियमाने ठरलेली. केंद्राची हिंदी आणि इंग्रजी.

त्यामुळे केंद्राच्या खिडकीवर कोणी ‘मराठी अर्ज चालत नाही’ म्हणालं, तरी परत फिरू नका. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार, गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याला, केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. विषयाखाली ‘संदर्भ: भारताचे संविधान, अनुच्छेद 350’ एवढी ओळ घाला. दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का मिळालाच नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

खरी अडचण उत्तराची. अनुच्छेद 350 अर्ज देण्याचा हक्क देतो, पण उत्तर कुठल्या भाषेत यावं याबद्दल काही सांगत नाही. हिंदी पत्राला हिंदीतच उत्तर देणं केंद्रीय कार्यालयांना 1976 च्या राजभाषा नियमांतल्या नियम 5 ने बंधनकारक आहे. मराठीसाठी त्यात तशी तरतूद नाही. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच किंवा इटालियनमध्ये लिहिलं की संघीय कार्यालयाला त्याच भाषेत उत्तर द्यावं लागतं. फिनलंडने तर आकडाच ठरवला आहे: गावात दुसरी राष्ट्रभाषा बोलणारे 8 टक्के किंवा 3000 असले की नगरपालिका द्विभाषिक. इतकी स्पष्टता आपल्याकडेही यायलाच हवी. तोवर ‘उत्तर मराठीतून द्यावे’ ही विनंती अर्जाच्या शेवटी न चुकता लिहा.

कागदपत्रं हवी असतील तर माहिती अधिकार जास्त कामाचा. 2005 च्या कायद्याचं कलम 6(1) इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते असं सांगतं. म्हणजे ठाण्यात रेल्वेकडेही मराठी चालते. शुल्क दोन्हीकडे 10 रुपये, पण इथेच बरेच अर्ज अडकतात. राज्याच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टॅम्प चालतो, केंद्राला नाही. तिथे पोस्टल ऑर्डर लावा. राज्याकडे अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, केंद्राकडे मर्यादा 500 शब्दांची. उत्तराला 30 दिवस. प्रत मूळ कागद ज्या भाषेत असेल त्याच भाषेत मिळते, भाषांतराची अपेक्षा ठेवू नका.

नवी मुंबईत एक गोंधळ नेहमीचा. वाशी, बेलापूरसारखी स्थानकं सिडको आणि रेल्वेने मिळून उभारलेली, त्यामुळे विषय नेमका कोणाकडे हे कळत नाही. माहिती अर्ज चुकीच्या दारी गेलाच, तर कलम 6(3) प्रमाणे तो 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुम्ही नवा अर्ज करायची गरज नाही.