कांदेबाग लावायच्या आधी रानात ताग घ्या

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात कांदेबाग केळीची लागवड पावसाळा सरल्यावर होते. तोवर रान उघडं ठेवू नका. जोराची सर आली की वरची कसदार माती नाल्याला लागते, आणि ती परत येत नाही. पहिला चांगला पाऊस झाला, वाफसा (ना चिखल ना कोरडं, अशी पेरणीजोगी ओल) आला की एकरी 20 ते 25 किलो तागाचं बी फेकून पेरा. हे पीक पुढे हिरवळीचं खत म्हणून जमिनीतच गाडायचं. दाट उगवला पाहिजे, म्हणजे जमीन लवकर झाकते आणि तणही दबतं. चोपण (क्षारांमुळे घट्ट झालेलं, पाणी न मुरणारं) रान असेल तर तागाऐवजी धैंचा हे हिरवळीचं पीक बरं.

खरी गोम गाडण्याच्या वेळेत आहे. साधारण 45 ते 50 दिवसांनी पिवळी फुलं दिसू लागतात. तेव्हा एक ताट वाकवून पाहा. सहज मोडलं तर लगेच गाडा. सालीचे चिवट धागे निघू लागले तर उशीर झाला. ते रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळतात आणि कुजायलाही वेळ लागतो. एखादं रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला म्हणजे नत्र बांधण्याचं काम चालू आहे.

गाडताना ओल हवीच. पावसाने ताण दिला तर एक पाणी द्या. केळी लावायच्या आधी कुजायला महिनाभर तरी सोडा.

केळीत चवळी, काकडी, भोपळा मात्र आच्छादन म्हणूनही नको. सीएमव्ही हा मोझॅक रोगाचा विषाणू त्यांच्यावर राहतो आणि मावा ही कीड तो केळीवर आणते.