मेंढ्यांचा वाडा शेतात बसवण्यापूर्वी काय ठरवावे

दिवाळी झाली की माण, फलटण, बारामतीकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांचे कळप घेऊन एकत्र फिरणारी कुटुंबे, चाऱ्यासाठी बाहेर पडतात आणि त्यांतले काही घाट उतरून कोकणातल्या मोकळ्या खाचरांपर्यंत जातात. रात्री मेंढ्या शेतात बसल्या की लेंडी व मूत्र तिथेच मुरते, म्हणून शेतकरी धान्य किंवा रोख देऊन वाडा बसवून घेतो. तरीही तंटे होतात. कारण खत एकाच्या शेतात पडते आणि पीक मात्र शेजाऱ्याचे खाल्ले जाते. म्हणूनच बोलणी शेजाऱ्यासमोरच करावी.

मेंढ्या किती, रात्री किती, मोबदला काय आणि पाणी कोणाच्या विहिरीचे, हे वाड्यातील जाणत्या माणसाशी आधीच ठरवावे. मग उजेड असतानाच त्याला घेऊन बांधावरून फिरावे आणि उभे पीक कुठे आहे, ये-जा कोणत्या वाटेने करायची, हे बोटाने दाखवावे. कुठे औषध फवारले आहे आणि कोवळी ज्वारी कुठे आहे, हे सांगायला विसरू नये. दोन्हींमुळे मेंढ्यांना विषबाधा होऊ शकते, त्यामुळे मेंढपाळही ती माहिती जपून लक्षात ठेवतो.

वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी, रोज थोडी पुढे सरकवावी, म्हणजे सर्व शेताला सारखे खत मिळते. पहिली वाघर उभ्या पिकाच्या बांधालगत लावू देऊ नये.

एवढे करूनही मेंढ्या पिकात शिरल्याच, तर मारहाण करू नये आणि त्यांना स्वतःच्या गोठ्यात डांबून ठेवू नये. दोन्ही बाजूंच्या माणसांनी पोलीस पाटलांसह शेतात उतरून खाल्लेल्या ओळी मोजाव्यात. येथे पिकाची अवस्था पाहणे फार महत्त्वाचे आहे. हरभरा लहान असताना नुसते शेंडे खुडले गेले असतील तर त्याला फुटवे येतात; तोच घाट्यात, म्हणजे शेंगा धरलेल्या अवस्थेत, असताना खाल्ला गेला, तर त्या ओळींचे उत्पन्न गेलेच असे धरावे. दोन्हींना एकच दर लावणे कोणावर तरी अन्याय करणारे ठरते. वाडा पहाटेच हलतो, म्हणून ठरलेली भरपाई त्याच संध्याकाळी साक्षीदारांसमोर देऊन घ्यावी आणि ती ज्याचे पीक गेले त्याच्याच हातात पडेल, हे पाहावे.