जपानीत वय सांगताना या चुका टाळा

जपानीत वय सांगायची रीत सोपी आहे: आकडा, त्याला जोडून ‘साय’, शेवटी ‘देस’. ‘निज्यूगोसाय देस’ म्हणजे मी पंचवीस वर्षांचा आहे, किंवा पंचवीस वर्षांची आहे. दोघांनाही वाक्य तेच. उच्चार दुधावरच्या सायीसारखाच.

चुकतं ते आकड्यात. ‘पंचवीस’ म्हणताना आपल्याकडे पाच आधी येतात, वीस मागून. जपानीत दोन-दहा-पाच असा सरळ क्रम: नि-ज्यू-गो. मनात मराठी आकडा धरून बोलायला गेलात की तोंडून ‘गोज्यूनि’ निघतं, म्हणजे बावन्न! सुरुवातीला २५ असं कागदावर लिहा आणि डावीकडून वाचा.

१, ८ आणि १० ला ‘इचिसाय’, ‘हाचिसाय’, ‘ज्यूसाय’ म्हणू नका. ‘इस्साय’, ‘हास्साय’, ‘ज्युस्साय’ म्हणा. ‘रस्सा’ म्हणताना ‘स’वर जेवढं थांबता तेवढंच थांबायचं. २१, २८, ३० लाही हेच. ४ ला ‘योन’ आणि ७ ला ‘नाना’ वापरा. ९ ला मात्र खास जपा. ‘नऊ वाजता’साठी ‘कुजि’ शिकलेले असतो, म्हणून वयालाही ‘कु’ लावला जातो. पण ‘कुसाय’ म्हणजे घाण वास येणारा! मुलगा नऊ वर्षांचा असेल तर ‘क्यूसाय’, ‘क्यू’ चांगला लांबवून.

विसाव्या वर्षाला वेगळाच शब्द आहे, ‘हाताची’, आणि त्याला ‘साय’ लागत नाही. हाताची-पायाची बोटं मिळून वीस, असं मी लक्षात ठेवलं. फक्त स्वर आखूड ठेवा. एप्रिल २०२२ पासून जपानमध्ये कायद्याने सज्ञान व्हायचं वय २० वरून १८ वर आलं, तरी बहुतेक गावं सज्ञान झाल्याचा जानेवारीतला सोहळा वीस वर्षांच्याच मुलामुलींसाठी करतात. एकविसाव्या वर्षी पुन्हा ‘निज्यूइस्साय’.

‘वर्ष’ म्हणून ‘नेन’ लावू नका. ‘निज्यूगोनेन’ म्हणजे पंचवीस वर्षांचा काळ.

लहान मुलाला ‘नानसाय देस का’ विचारा, मोठ्यांना ‘ओइकुत्सु देस का’. तो ‘ओ’ आदराचा आहे, स्वतःच्या वयाला लावायचा नाही. आणि लिहिताना ‘साय’ची तेरा रेघांची कांजी (जपानीतलं चिनी लिपीतून आलेलं अक्षर) जमत नसेल तर घाबरू नका: जपानी शाळकरी मुलंही तिच्याऐवजी तीन रेघांची सोपी कांजी लिहितात.