परमिट रूम आणि लेकरं: हॉटेलवाल्यांनी काय सांभाळायचं

विदर्भात तालुक्याच्या गावी किंवा हायवेवर एकाच छपराखाली सावजी मटणाचा फॅमिली हॉलही असतो आणि परमिट रूमही. अशा जागी अल्पवयीनांचा नियम मोडतो तो बहुतेक वेळा जागेच्या चुकीच्या मांडणीमुळे, म्हणून आधी जागा नीट लावा.

परवान्यासोबतचा उत्पादन शुल्क खात्यानं मंजूर केलेला नकाशा काढून बघा. दारू द्यायची ती त्या नकाशातल्या जागेतच. फॅमिली हॉल त्याबाहेर असेल तर लेकरं तिथं खुशाल जेवोत, पण बाटली तिथं जाता कामा नये. "घरचेच आहेत, एकच बिअर दे" असं ओळखीचा गिऱ्हाईक म्हणतो, वेटरला नाही म्हणवत नाही आणि घोळ तिथंच होतो. उलट बाजूनंही तेच. परमिट रूम दारू पिण्याचा परवाना असणाऱ्यांसाठी असते, त्यामुळे बापाच्या मांडीवरचं लेकरूही आत घेऊ नका.

सगळ्यात जास्त चुकतं ते हात धुवायच्या जागेचं. बेसिन आणि संडासाची वाट परमिट रूममधून असली की पोरं दर पाच मिनिटांनी टेबलांमधून ये-जा करतात. फॅमिली हॉलला वेगळं दार आणि वेगळं बेसिन द्या. मध्ये पडदा नको, पक्की आडभिंत हवी. मात्र मंजूर जागेत बदल करायचा तर आधी खात्याची परवानगी घ्या, मग गवंडी बोलवा.

आता वय. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21 वर्षं पूर्ण लागतात, देशी आणि विदेशी कडक दारूसाठी 25. वेटरला घाईत हिशोब जमत नाही, म्हणून काउंटरवर रोज सकाळी खडूनं दोन तारखा लिहा. आज 10 जून 2025 असेल तर बिअरला 10 जून 2004 किंवा त्याआधीचा जन्म, दारूला 10 जून 2000 किंवा त्याआधीचा. मतदार कार्ड किंवा गाडीचं लायसन आहे एवढ्यावर जाऊ नका, ती अठराव्या वर्षीही मिळतात. त्यावरची जन्मतारीख वाचा. जुन्या आधार कार्डावर नुसतं जन्मवर्ष असेल तर 31 डिसेंबर धरून मोजा. मोबाइलमधला आधारचा फोटो चालवून घेऊ नका, त्यात तारीख बदलणं फार सोपं आहे.

कार्ड ऑर्डर देणाऱ्याचं एकट्याचं बघून भागत नाही. वरातीच्या दिवसांत सहा पोट्टे येतात, मोठा भाऊ ऑर्डर देतो आणि ग्लास सहा मागतो. तेव्हा टेबलावरच्या प्रत्येकाचं वय बघा. बोलणं साधं ठेवा: "भाऊ, कार्ड दाखवा. नसेल तर जेवण देतो, बाटली नाही." आवाज चढला तर वेटरनं वाद घालू नये, मॅनेजरनं पुढं यावं.

देशीच्या दुकानात बापानं पव्वा आणायला पाठवलेलं लेकरू येतं, तेव्हा कितीही ओळख असली तरी देऊ नका. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 77 नुसार अठराच्या आतल्या मुलाला दारू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाकडून दारू विकवून घेणं किंवा वाहून आणवणं कलम 78 मध्ये येतं, शिक्षा तितकीच. म्हणून सुट्टीत कामाला आलेलं दहावीचं पोरगं बारच्या बाजूला लावू नका, रिकामे ग्लास उचलायलाही नाही. 2024 मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीनांना दारू दिल्याच्या आरोपावरून बारच्या लोकांना अटक झाली होती. फौजदारी गुन्ह्याखेरीज परवानाही निलंबित किंवा रद्द होऊ शकतो.

ज्याला नकार दिला त्याची तारीख आणि वेळ वहीत टाका. एक कॅमेरा दारावर, चेहरा दिसेल असा लावा. गल्ल्यावरचा एकटा पुरत नाही. आपल्याकडं लाइन वारंवार जाते आणि रेकॉर्डरचं घड्याळ चुकतं, मग नोंदवही आणि चित्रण जुळत नाही. आठवड्यातून एकदा वेळ मोबाइलशी लावून घ्या.