दिंडी मुक्कामाला येण्याआधी: शंभर माणसांची तयारी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते, अष्टमीला माउलींची आळंदीहून, आणि त्यानंतर दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात. माउली भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या दोन रात्री आसपासच्या शाळा, कार्यालयं, वाडे आणि सोसायट्यांची पार्किंगं दिंड्यांनी भरून जातात. पेठेत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला शेजाऱ्यांत मिसळायचं असेल तर याहून चांगली वेळ नाही. कुणी ओळख विचारत बसत नाही, बादली हातात देतात.

सुरुवात अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला करा. बहुतेक दिंड्या वर्षानुवर्षं ठरलेल्या जागीच उतरतात, म्हणजे त्यांचं आतिथ्य करणारं कुणीतरी आधीपासून असतंच. त्यांना भेटा आणि पहिल्या वर्षी एकच काम मागून घ्या: पहाटेचं गरम पाणी, नाहीतर भाकऱ्या. स्वतंत्र पंगत घालायची असेल तर दिंडीप्रमुखांशी आधी बोलल्याशिवाय किराणा भरू नका. दिंडीबरोबर ट्रक असतो, त्यात त्यांची भांडी, गॅस आणि आचारी असतात. कुठलं जेवण कुणाकडे हे महिनाभर आधीच लागलेलं असतं. दिंडीचा क्रमांक, ती रथापुढची की रथामागची, माणसं किती, त्यात बायका किती, वयस्कर किती आणि ताटं स्वतःची आणतात का, एवढं वहीत लिहून घ्या. ताटं त्यांची असली तर दोन दिवसांच्या चारशे-पाचशे पत्रावळ्या वाचतात आणि कचराही.

जागेत सगळ्यात आधी संडास बघा. मुक्कामात भांडणं जेवणावरून होत नाहीत, संडासाच्या रांगेवरून होतात. शंभर माणसांना निदान सहा हवेत, त्यातले तीन फक्त बायकांसाठी, आणि दिवा लागतोय का, आतून कडी बसतेय का, हे स्वतः जाऊन पाहायचं. बायका पहाटे तीनलाच उठतात. पाणी माणशी पंधरा लिटर अंघोळीला धरलं तर एका पहाटेला दीड हजार लिटर होतं. मधल्या दिवशी सगळे कपडे धुतात, त्याला तेवढंच वेगळं. दहा हजार लिटरचा एक टँकर दोन दिवसांना पुरतो, पण तो पालखी येण्याच्या आदल्या दिवशी रिकामा करून घ्या. पालखीच्या दिवशी फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता आणि पेठांतले रस्ते बंद असतात, टँकरच काय, दुधाची गाडीही आत येत नाही. भाजी, सिलिंडर, बर्फ, सगळ्यालाच हा नियम. कपडे वाळवायला छपराखाली शंभर मीटर दोरी बांधा. जूनच्या हवेत उघड्यावर घातलेलं धोतर दोन दिवसांत वाळत नाही, आणि ओलं धोतर नेसून चाललं की मांड्या सोलवटतात. मोबाईल चार्जिंगला वीसएक पिनांचे बोर्ड लावा आणि प्रत्येक फोनवर नावाची चिकटपट्टी. वीणेसाठी स्वच्छ चौरंग उंचावर मांडून ठेवा, ती जमिनीवर टेकवत नाहीत.

आता पहिल्या रात्रीचं जेवण. लोक दिवसभर चालून, उशिरा, कधीकधी भिजून येतात. त्यांना गरम, साधं आणि पोटभर हवं असतं: पिठलं, भाकरी, आमटी, भात. कांदा-लसूण घालू नका, बरेच माळकरी खात नाहीत आणि दोन वेगळी पातेली सांभाळणं गर्दीत जमत नाही. बेसन पाच किलो, तूरडाळ चार, तांदूळ सात, तेल तीन. पिठल्याचं बेसन गार पाण्यात कालवून चाळणीतून गाळूनच फोडणीत ओता, कारण पंचवीस लिटरच्या पातेल्यात एकदा गुठळी झाली की ती मोडत नाही. पिठलं थांबलं की घट्ट होतं, म्हणून शेजारच्या शेगडीवर पाच लिटर पाणी उकळतं ठेवायचं. १९ किलोचे दोन सिलिंडर चालू आणि एक भरलेला जवळ, शेगडी मांडवाच्या कापडापासून लांब, वाळूची बादली हाताशी.

भाकऱ्या अडीचशे लागतात. ज्वारीचं पीठ सव्वीस-सत्तावीस किलो. हे काम आचाऱ्याला देऊ नका, घरोघरी वाटा. तेरा घरं, घरटी वीस भाकरी. नवीन माणसाची इमारतीतल्या प्रत्येक स्वयंपाकघराशी ओळख होते ती या वाटपात, म्हणून दारोदार जायचं काम मुद्दाम नव्यानं आलेल्यालाच द्यावं. पीठ सगळ्यांना एकाच गिरणीतून, चार दिवसांच्या आत दळलेलं द्या. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग थापताना भाकरीला कडेनं चिरा पडतात आणि उलटताना ती हातात तुटते. जुनं पीठ वापरायची वेळ आलीच तर ते उकळत्या पाण्यात मळायला सांगा. दुसरी गोष्ट, तव्यावरून काढलेली भाकरी थेट डब्यात रचली तर वाफ धरते, खालच्या चार भाकऱ्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटतात. आधी टोपलीत कापडावर उभ्या टेकवून गार करायच्या, मग कोरड्या धोतरात गुंडाळायच्या. टोपल्या संध्याकाळी सात वाजता गोळा करा. पालखीला किती उशीर होईल ते गर्दीवर ठरतं, पण भाकरी थांबू शकते. भात मात्र थांबत नाही. तो माणसं जागेवर येऊन हातपाय धुवायला लागली की चढवायचा, आणि उरलेला सकाळसाठी झाकून ठेवायचा नाही. त्या दमट हवेत तो रात्रीतून आंबतो आणि दुसऱ्या दिवशी पोटं बिघडतात. बासुंदी, श्रीखंड असले दुधातुपाचे प्रकार याच कारणानं नकोत. गोड हवंच असेल तर लापशी.

वाढायला पन्नास-पन्नासच्या दोन पंगती, आठ वाढपी. हाक प्रत्येकाला ‘माउली’ अशीच मारायची, लहान पोराला आणि म्हाताऱ्याला सारखीच. ‘पुंडलिक वरदे’ होईपर्यंत कुणी घास घेत नाही, तेव्हा तोवर सगळं पानात पडलेलं हवं. त्यासाठी आधी मीठ-चटणी, मग भाकरी, शेवटी पिठलं.

मधल्या दिवसाचं जेवण सोपं असतं: पोळ्या चारशे, कणीक पंधरा किलो, बटाट्याचा रस्सा, वरणभात. त्या दिवशी पुण्यात बिस्किटं, केळी, रेनकोट इतके वाटले जातात की ते उरतात. कमी असतात चप्पल शिवणारे, न्हावी, आणि पायांकडे बघणारं कुणीतरी. कोमट मिठाचं पाणी, खोबरेल तेल, जंतुनाशक, पट्ट्या आणि ओआरएसची पन्नास पाकिटं ठेवा, एका पाकिटाला एक लिटर पाणी हे मोठ्या अक्षरात लिहून. पायाचे फोड फोडू देऊ नका. अंगदुखीच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका, बऱ्याच जणांना रक्तदाब, साखर असते. ओळखीच्या डॉक्टरांना दुपारी दोन तास बसवा. अचानक कुणी कोसळलं तर १०८.

निघायचा दिवस बहुधा योगिनी एकादशीचा असतो. २०२३ मध्ये १४ जूनला आणि २०२४ मध्ये २ जुलैला तसंच होतं. पंचांग आधी बघा, नाहीतर पहाटे शंभर माणसांचे पोहे भिजवून बसाल. साबुदाणा सहा किलो, दाण्याचं कूट अडीच, बटाटे तीन, तूप एक. साबुदाणा रात्री धुऊन वर जेमतेम पेरभर पाणी ठेवायचं, जास्त झालं की खिचडीचा गोळा होतो. आदल्या रात्रीचे झारे, डाव, कढया घासलेले असले तरी त्यात खिचडी करू नका. उपवासाची भांडी वेगळी काढून त्यांना रंगीत दोरा बांधा, म्हणजे पहाटेच्या अंधारात अदलाबदल होत नाही. माउलींबरोबरच्या दिंडीला त्याच दिवशी उपवासात दिवे घाट चढायचा असतो, तेव्हा माणशी दोन राजगिऱ्याचे लाडू आणि थोडा खजूर कागदी पुडीत बांधून हातात द्या. पाण्याच्या बाटल्या नवीन वाटण्यापेक्षा त्यांच्याच भरून द्या. पहाटे पाचला वाटप पूर्ण हवं.

फ्लेक्सचा खर्च टाळा, त्या पैशात दोन पहाटेचं पाणी तापतं.

दिंडी गेल्यावर दहा माणसं जागेवर थांबायलाच हवीत. ओला-सुका कचरा वेगळा करा, संडास फिनेलनं धुवा, दोऱ्या सोडा, शाळेच्या शिपायाला किल्ली हातात द्या. राहिलेल्या छत्र्या, टाळ, चष्मे एका पिशवीत भरून दिंडीप्रमुखांना फोन करा. पुढचा मुक्काम माउलींबरोबर असेल तर सासवडला दोन रात्री असतो, तिथवर कुणीतरी दुचाकीवर पोचवून येऊ शकतं. मग वहीत लिहा: भाकऱ्या किती उरल्या, पाणी कधी संपलं, कुठल्या घरानं काय दिलं.