दुर्बिणीची पॉवर निवडताना या चुका टाळा : जांबोटीच्या रानापासून हिडकलच्या पाण्यापर्यंत

दुर्बीण घ्यायला दुकानात गेलेला माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो हाच : "हिची पॉवर किती?" बेळगावच्या आसपासच्या खानापूर, चंदगड, हुक्केरी आणि गोकाक या टापूत नव्या पक्षीनिरीक्षकांबरोबर फिरताना माझ्या पाहण्यात आले आहे की, घेऊन कपाटात पडून राहिलेल्या दुर्बिणींपैकी पुष्कळशा या एका प्रश्नाच्या भरवशावर घेतलेल्या असतात. आकडा मोठा म्हणजे दुर्बीण चांगली, हा समज इतका पक्का झालेला आहे की, आठ पॉवरची दुर्बीण दाखवली तर गिऱ्हाइकाला आपली फसवणूक होत असल्यासारखे वाटते.

या समजाचे एक मूळ परक्या मुलखातल्या सल्ल्यात आहे. जिथे लांब पल्ल्याच्या शिकारीला कायद्याने परवानगी आहे, तिथे रायफलवरच्या स्कोपची (नेम धरण्यासाठी बसवलेल्या दुर्बिणीची) पॉवर किती असावी यावर बरीच चर्चा होते, आणि तेच आकडे आपल्याकडचे लोक दुर्बिणीला लावू पाहतात. परंतु तिथे बंदूक टेकणावर ठेवलेली असते, जनावर मोठे असते आणि उघड्या डोंगरउतारावर दोन-तीनशे मीटरवर स्थिर उभे असते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली शिकारीला बंदी आहे. आपण रानात जातो ते पाहण्यासाठी, आणि जांबोटी-कणकुंबीच्या दाट झाडीत पक्षी दिसतो तो तीस-चाळीस मीटरवर, तोही फांद्यांआड आणि सतत हलणारा. स्वस्तात मिळाला म्हणून रायफलचा स्कोपच एका डोळ्याची दुर्बीण म्हणून वापरणारे काही जण भेटतात. बंदुकीचा धक्का डोळ्याला लागू नये म्हणून त्या स्कोपमधून डोळा आठ-नऊ सेंटिमीटर मागे धरावा लागतो, त्यामुळे तो हातात धरून पाहताना चित्र पुन्हापुन्हा निसटते. या कामासाठी तो बनवलेलाच नाही.

आकड्याचा अर्थ न समजता केलेली निवड

दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. त्यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसणार, म्हणजे ऐंशी मीटरवरचा धनेश दहा मीटरवर असल्यासारखा दिसणार. आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. पॉवर वाढवली की तीन गोष्टी कमी होतात : एका नजरेत दिसणारा भाग, चित्राचा स्थिरपणा आणि उजेड.

दिसणाऱ्या भागाचे गणित आधी करू. आठ पॉवरच्या सर्वसाधारण दुर्बिणीतून हजार मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचा भाग दिसतो, तर वीस पॉवरच्या दुर्बिणीतून पन्नास मीटरच्या आसपास. हेच प्रमाण रानातल्या चाळीस मीटर अंतराला लावले तर पहिलीतून पाच मीटरचे वर्तुळ दिसते आणि दुसरीतून जेमतेम दोन मीटरचे. एका फांदीवरून दुसरीवर झेपावणारा भृंगराज दोन मीटरच्या वर्तुळात पकडणे जवळजवळ अशक्य असते, आणि नवखा माणूस दुर्बीण डोळ्याला लावून पाने चाचपत राहतो तोवर पक्षी निघून गेलेला असतो. स्थिरपणाचेही तसेच आहे. हाताचा कंप सगळ्यांनाच असतो. दुर्बीण तो कंपही तितक्याच पटीने वाढवते. दहा पॉवरपर्यंत बहुतेकांना हातावर निभावता येते, बारा-पंधराच्या पुढे ट्रायपॉड लागतोच, आणि चोर्ल्याच्या घाटवाटेवर ट्रायपॉड उघडून बसवेपर्यंत पक्षी थांबत नाही.

दुपारच्या उन्हात केलेली पारख

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. माझी पहिली दुर्बीण २०×५० होती. दुकानदाराने भर दुपारी दुकानाच्या दारात उभे करून रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरे वाचायला लावली. अक्षरे लख्ख दिसली, आणि मी पैसे मोजले. पुढच्या आठवड्यात पहाटे जांबोटीजवळ उंच झाडाच्या शेंड्यावर शेकरू आले. माझ्या दुर्बिणीतून त्याची केवळ काळी आकृती दिसत होती. बरोबरच्या मित्राने त्याची ८×४२ हातात दिली, तेव्हा त्याच शेकरूच्या पाठीचा तांबूस-तपकिरी रंग आणि पोटाकडचा पिवळट भाग स्पष्ट दिसला. पुढचे भिंग माझ्या दुर्बिणीचे मोठे होते, तरीही उजेड तिच्यातच कमी होता.

याचे कारण भागाकारात आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. ८×४२ ची चकती सव्वापाच मिलिमीटरची, १०×४२ ची चार मिलिमीटरपेक्षा किंचित मोठी, आणि २०×५० ची केवळ अडीच मिलिमीटरची. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून दुकानाच्या दारात सगळ्याच दुर्बिणी सारख्याच उजळ भासतात. पहाटेच्या दाट रानात बाहुली चार-पाच मिलिमीटरपर्यंत मोठी होते. अशा वेळी अडीच मिलिमीटरची चकती तिला पुरत नाही आणि चित्र काळवंडते. भीमगड अभयारण्याच्या परिसरात पावसाळ्यानंतर झाडोरा इतका गच्च असतो की सकाळी आठ वाजताही झाडांखाली संध्याकाळ असल्यासारखे वाटते. म्हणून दुर्बिणीची पारख सूर्य मावळताना, दुकानाच्या सावलीच्या बाजूला किंवा एखाद्या काळोख्या जिन्याच्या कोपऱ्याकडे रोखून करावी. याच हिशेबाने दुसरे टोकही गाठू नये. ७×५० ची चकती सात मिलिमीटरची असते, परंतु वय वाढते तशी बाहुली तितकी उघडत नाही, आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या गळ्यात अशा दुर्बिणीचे ओझे मात्र राहते.

हिडकलच्या काठावर मात्र गणित बदलते

हिडकल धरणाच्या पाणपसाऱ्यावर किंवा धुपदाळच्या बंधाऱ्यावर थंडीत बदके, चिखल्या आणि करकोचे पाहायचे असतील, तर पक्षी तीनशे-चारशे मीटरवर, उघड्यावर आणि बराच वेळ एका जागी असतात. इथे मोठ्या पॉवरला खरोखर अर्थ आहे, आणि ट्रायपॉडवर लावलेला २० ते ६० पॉवरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) हे योग्य साधन आहे. चूक होते ती पुढे : स्कोप मिळाला की माणूस थेट साठवर नेतो आणि चित्र अस्पष्ट दिसले की स्कोपला नावे ठेवतो.

बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. काळी जमीन आणि काठचा चिखल तापू लागला की त्यांच्या लगतची हवा थरथरू लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी दहालाच हे जाणवू लागते. पॉवर वाढवली की पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी होते, म्हणून पंचवीस-तीसवर जे दिसते त्याहून कमी साठवर दिसते. यावर उपाय साधे आहेत. उजाडता उजाडता पोहोचावे, सकाळी पाण्याच्या पूर्वेकडील काठावर बसावे म्हणजे ऊन पाठीवर येते, आणि शक्य असल्यास थोड्या उंच जागेवरून पाहावे, म्हणजे नजर तापलेल्या जमिनीला घासून जात नाही. नुकत्याच थांबवलेल्या गाडीच्या बॉनेटवरून पाहू नये; तिथेही तीच गरम हवा आडवी येते. शिवाय भागाकार इथेही लागू आहे : ६० मिलिमीटरच्या भिंगाला साठ पॉवर लावली की चकती एका मिलिमीटरची उरते, आणि ढगाळ दिवशी तेवढ्या उजेडात चिखल्यांच्या पायांचे रंग ओळखता येत नाहीत.

छापील आकडा आणि झूमची दुर्बीण

जत्रेत आणि ऑनलाइन मिळणाऱ्या काही स्वस्त दुर्बिणींवर पन्नास किंवा शंभर पॉवर छापलेली असते. ती तपासणे सोपे आहे. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे (सूर्याकडे कधीही नव्हे) रोखावी. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाची एक चकती दिसेल. पट्टीने तिचा आणि पुढच्या भिंगाचा व्यास मोजून भागाकार करावा. पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे आणि चकती सहा मिलिमीटरची असेल, तर खरी पॉवर आठच्या आसपास आहे, वर काहीही छापलेले असो. चकती गोल न दिसता कडा कापल्यासारखी दिसली, तर आतले प्रिझम (प्रकाश वळवणाऱ्या काचा) हलक्या प्रतीचे आहेत. १०-३० अशा झूमच्या दुर्बिणी घेऊ नयेत, कारण त्यांत दिसणारा भाग अरुंद असतो आणि दोन्ही नळ्यांचे झूम तंतोतंत जुळलेले क्वचितच राहते.

पॉवर योग्य असूनही नीट दिसत नसेल तर

दोन्ही डोळ्यांचा नंबर क्वचितच सारखा असतो, आणि त्यासाठी दुर्बिणीवर, बहुधा उजव्या नळीवर, एक फिरती कडी दिलेली असते. उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस लावावा, मग डावे भिंग झाकून चाकाला हात न लावता केवळ कडी फिरवावी. एवढे केल्यावर कित्येक 'खराब' दुर्बिणी चांगल्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. चित्राच्या कडेला काळ्या सावल्या नाचत असतील, तर दोन नळ्यांमधले अंतर आपल्या डोळ्यांशी जुळवावे. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत मिटवावेत आणि चष्मा नसेल तर ते पूर्ण बाहेर काढावेत. दोन चित्रे दिसून डोके दुखू लागले, तर दुर्बीण कुठेतरी आपटून प्रिझम हललेले आहेत. ती घरी उघडू नये.

खानापूर भागातल्या पावसाने भिंगांना बुरशी धरते. जूनपासून पुढे दुर्बीण चामड्याच्या पिशवीत बंद ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या अधूनमधून वाळवून घ्याव्यात.

आणि ज्यांनी माझ्यासारखी २०×५० आधीच घेतलेली आहे, त्यांनी ती विकून टाकण्याची घाई करू नये. दोन नळ्यांच्या मधल्या दांड्याच्या पुढच्या टोकाला बऱ्याच वेळा एक छोटे टोपण असते. ते काढले की आत स्क्रूचे छिद्र सापडते आणि साध्या अडॅप्टरने दुर्बीण ट्रायपॉडवर बसते. माझी जुनी दुर्बीण आता अशीच डिसेंबर-जानेवारीत हिडकलला येते, सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत काम करते, आणि कणकुंबीला जाताना घरी राहते.